चोवीस अंशांचा अंमल

तालुका कचेरीत छत्तीस वर्षे लेखणी झिजवून अव्वल कारकून या हुद्द्यावरून सेवानिवृत्त झालेल्या मनुष्याची, उर्वरित आयुष्यात आपणांस कोणाच्याही हुकमतीखाली बसावे लागणार नाही, अशी एक भाबडी समजूत असते. माझीही होती. परंतु गेल्या वैशाखात हिंजवडीच्या एका इमारतीतील (तिचे नाव सांगणे उभयपक्षी गैरसोयीचे, सबब सांगत नाही) यंत्रचालकांच्या इंग्रजी हस्तपुस्तिकेचे मराठी करून देण्याचे काम भाच्याने माझ्या गळ्यात बांधले, आणि पुढील तीन महिने मी अशा एका अंमलदाराच्या हाताखाली काढले की, ज्याला कोणी पाहिलेले नाही, ज्याची बदली होत नाही, जो किरकोळ रजाही घेत नाही, आणि ज्याच्यापुढे अर्ज गुजरावयाचा झाल्यास मायना काय लिहावा हेच कोणास ठाऊक नाही. त्यास तेथे बी.एम.एस. म्हणतात. इमारतीचा सर्व कारभार पाहणारी ही संगणकीय व्यवस्था असून, दिवे, उद्वाहने, पाण्याचे पंप यांवर तिची नजर असतेच. परंतु तिचे खरे राज्य आहे ते हवेवर.

हिंजवडी मुळशी तालुक्यात आहे, ही गोष्ट तेथे नोकरीस येणाऱ्या मंडळींपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. बहुतेकांच्या मते ती पुण्यात आहे. आणि सायंकाळी साडेसहाच्या सुमारास वाकडच्या पुलाशी मोटारीत अडकून बसल्यावर तर ती पृथ्वीतलावर कोठेच नसून केवळ एक शिक्षा आहे, असेही त्यांचे मत झालेले असते. परंतु सात-बाराच्या उताऱ्यावर मौजे हिंजवडी, मौजे माण, तालुका मुळशी असाच मजकूर आहे, आणि चैत्री पौर्णिमेस म्हातोबाचे बगाड निघते तेव्हा आपण कोणाच्या शिवारात उभे आहोत याची आठवण त्या काचेच्या मनोऱ्यांनाही क्षणभर होत असावी. ही जमीन मूळची साखर कारखान्यासाठी योजलेली. तो दुसरीकडे न्यावा आणि येथे संगणकाचे उद्योग आणावेत असे आपण सुचविले, ही हकीकत शरद पवार यांनी जाहीर भाषणांतून पुष्कळदा सांगितलेली आहे. कारखाना झाला असता तर येथे बॉयलर आले असते. त्यांऐवजी चिलर आले. धुराडी टळली, पण गच्चीगच्चीवर कूलिंग टॉवर उभे राहिले. वाफ जी आकाशात जावयाची ती जातेच, मळीचा वास तेवढा वाचला.

मुळशीचे आणि विजेचे नाते तसे जुने आहे, आणि ते गोडीचे नाही. टाटांच्या धरणात गावे बुडणार म्हणून १९२१ साली मुळशी पेट्याच्या मावळ्यांनी सत्याग्रह मांडला, सेनापती बापटांनी त्यापायी कारावास भोगला, आणि तरी धरण झालेच. मुळेचे पाणी घाट उतरून कोकणात भिऱ्यास जाऊ लागले, आणि तेथे होणारी वीज मुंबईकडे गेली. आज हिंजवडीच्या इमारती थंड करणारी वीज त्याच पाण्याची असेल काय, हा प्रश्न मी एकदा तेथील विद्युत अभियंत्यास विचारला. ग्रिडमध्ये शिरलेल्या विजेस कूळगोत्र राहत नाही, असे त्यांनी सांगितले. बुडालेल्या गावांच्या वंशजांस गारठविण्यासाठी ती परत आली असेल तर काव्यगत न्यायाची ही तऱ्हा काही निराळीच म्हणावयाची.

आता या राज्याचा कारभार कसा चालतो ते सांगतो. आणि माझी सारी हयात महसुलात गेल्यामुळे तो मला महसुली परिभाषेतच समजला, हा दोष वाचकांनी पदरात घ्यावा. तळघरातील चिलर पाणी थंड करून सुमारे सात अंशांवर वर धाडतो. ते मजल्यामजल्यावरील एअर हँडलिंग युनिट नामक अजस्र पेटाऱ्यांतून फिरून, लोकांच्या अंगची ऊब वसूल करून, बाराएक अंशांवर परत सरकारजमा होते. पेटाऱ्यातून निघालेली थंड हवा छताआडच्या पन्हळींतून वाहते, आणि त्या पन्हळींच्या तोंडाशी डँपर नावाची झडप असते, ती कमीजास्त उघडून कोणत्या भागात किती हवा सोडावी हे ठरते. ही झडप म्हणजे कोतवाल. तिला स्वतःची अक्कल चालविण्याची मुभा नाही. पेटारा म्हणजे सर्कल साहेब. आणि भिंतीवर छातीइतक्या उंचीवर जी एक पांढरी डबी ठोकलेली असते, जिला सेन्सर म्हणतात, तो तलाठी. आपल्या सजाचे उष्णतामान अमुक आहे असा अहवाल त्याने पाठवावयाचा, वरून आलेल्या फर्मानाशी तो ताडून पाहिला जावयाचा, आणि तफावत असेल त्या मानाने कोतवालास हुकूम सुटावयाचा. या फर्मानास 'सेट पॉइंट' म्हणतात. आमच्या इमारतीत तो चोवीस होता. व्यवस्था निर्दोष आहे. फक्त पीकपाहणी चावडीत बसूनच करण्याची जी सवय काही तलाठ्यांना असते, ती या डबीस जन्मतःच असते. तिला आपल्या पाठीमागची भिंत आणि पुढची वीतभर हवा एवढेच जग ठाऊक. दहा हातांवर कोणी शाल पांघरून कुडकुडत असेल तर ते तिच्या दप्तरात येत नाही.

शाल हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. वैशाख सरत आलेला, बाहेर अडतीस अंश, आणि आत चौथ्या मजल्यावर प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर शाल, स्वेटर, जाकीट, आणि एका मुलीच्या खुर्चीवर तर चक्क आजीची गोधडी, असा देखावा मी पहिल्या दिवशी पाहिला तेव्हा येथे कोणाचे तरी सत्कार व्हावयाचे आहेत, असेच मला वाटले होते. त्याच दालनात खिडकीलगत बसणारे तीन-चार गृहस्थ मात्र पश्चिमेच्या उन्हाने घामाघूम होऊन हस्तपत्रिकेने वारा घेत होते. दोन्ही पक्षांच्या तक्रारी एकाच वेळी, एकाच अंमलदाराकडे जात. तेथे तक्रारीस 'तिकीट टाकणे' म्हणतात. आमच्या काळी अर्जाला तिकीट लावावे लागे. येथे तिकीट हाच अर्ज, एवढाच फरक. खिडकीकडील मंडळींनी 'फार उकडते' असे तिकीट टाकावे, मधल्या मंडळींनी 'फार गारठा आहे' असे टाकावे, आणि दोन्ही तिकिटांवर तासाभरात एकच शेरा पडावा: 'तपासले. चोवीस अंश. ओके.'

हा शेरा मारणारा तरुण कोळवण खोऱ्यातला होता. तळघराच्या एका खोलीत चार पडद्यांसमोर तो एकटा बसे, आणि गंमत अशी की, साऱ्या इमारतीची थंडी ज्याच्या हातून जाई, त्याच्या त्या खोलीत एक टेबलपंखा होता, तोही मान न हलविणारा. मी पुस्तिकेतील शंका घेऊन त्याच्याकडे जाई. एकदा म्हटले, "अरे, पुस्तिकेत हे 'गोठण्यापासून संरक्षण' असे अठरा पानांचे प्रकरण आहे. बाहेरची हवा शून्याखाली गेली तर नळ्या फुटू नयेत म्हणून काय करावे, हवा घेण्याच्या जाळीवर बर्फ साचल्यास ते कसे खरवडावे, इत्यादी. मुळशीत याचे काय करावयाचे?"

तो म्हणाला, "करा की भाषांतर, काका. ऑडिटला पानं मोजतात."

मी केले. मुळशी तालुक्यात हिमवृष्टी झालीच तर काय करावे, हे आता तेथील यंत्रचालकांस शुद्ध मराठीत उपलब्ध आहे. ताम्हिणीचा पाऊस हवा घेण्याच्या जाळीतून आडवा आत आला तर काय करावे, यावर मात्र मूळ पुस्तिकेत अक्षर नाही. कारण ती जेथे रचली गेली तेथील लोकांना इमारत तापवावयाची असते, थंड करणे हे त्यांच्या दृष्टीने पुरवणी काम. आपल्याकडे उलट. डिसेंबरात पहाटे हिंजवडीच्या रस्त्यांवर शेकोट्या पेटलेल्या असतात, आणि त्या शेकोट्यांवरून उठून आलेल्या माणसांना आत थंड हवेने न्हाऊ घालण्याचे काम चालूच असते. हा वेडेपणा नव्हे, असे मला समजावण्यात आले. स्वस्थ बसलेला मनुष्य सुमारे शंभर वॅटच्या जुन्या दिव्याइतकी उष्णता बाहेर टाकतो. त्याच्यापुढील संगणक आपली निराळी टाकतो. अशी तीनशे माणसे बंद काचेआड कोंडली की त्यांना थंडीतही थंड करावे लागते. खिडकी उघडली तर? हा प्रश्न मी विचारला तेव्हा त्या तरुणाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेने पूर्वी आम्ही 'साहेबांना प्रत्यक्षच भेटलो तर?' असे विचारणाऱ्या पक्षकाराकडे पाहत असू. त्या इमारतीच्या खिडक्यांना कडी नाही.

या विद्येचा उगम मात्र एका शिपायापासून झाला, ही गोष्ट मला फार आवडली. अमेरिकेतील विस्कॉन्सिन प्रांतात व्हाइटवॉटर गावच्या अध्यापन विद्यालयात वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. वर्गात किती ऊब आहे हे पाहण्यासाठी शिपाई तास चालू असता मधूनच आत शिरे, भिंतीवरचा पारा वाची, आणि मग तळघरात जाऊन भट्टीची झडप मागेपुढे करी. या ये-जा करण्यास कंटाळून प्राध्यापकांनी भिंतीवरून तळघरात घंटी वाजविणारे विजेचे उपकरण रचले आणि १८८३ साली त्याचे एकस्व मिळविले. म्हणजे शिपायाने वर्गात येऊ नये एवढाच मूळ उद्देश! एकशे चाळीस वर्षांनी शिपाई खरोखरच नाहीसा झाला आहे, आणि आता लोक त्याला शोधत आहेत.

बरे, हे चोवीस कोठून आले? विद्युत मंत्रालयाने २०१८ साली वातानुकूलन चोवीस ते सव्वीस अंशांवर ठेवण्याचा सल्ला दिला, आणि २०२० च्या जानेवारीपासून ताराचिन्हांकित खोलीयंत्रे कारखान्यातूनच चोवीस अंशांवर लावून विकावीत असा नियम झाला. प्रत्येक अंश वर नेल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असा सरकारी हिशेब आहे. केंद्रीय पद्धतीच्या आमच्या इमारतीस हा नियम शब्दशः लागू नव्हता, पण आकडा सरकारी असल्याने वादास जागा उरत नाही, हे तेथील व्यवस्थापकांनी अचूक ओळखले होते. शास्त्रज्ञांचा हिशेब याहून मनोरंजक आहे. डेन्मार्कच्या प्राध्यापक फँगर यांनी १९७० साली मनुष्याच्या सुखाचे समीकरण मांडले. त्यात हवेचे उष्णतामान, भोवतालच्या भिंतींची ऊब, वाऱ्याचा वेग, आर्द्रता, श्रम आणि अंगावरचे कपडे, असे सहा घटक येतात. कपड्यांचेही माप आहे, त्यास 'क्लो' म्हणतात, आणि साहेबी सूट म्हणजे ढोबळमानाने एक क्लो. माझे धोतर, सदरा आणि काळी टोपी यांचे क्लो किती, हे मी कोष्टकात शोधले. कोष्टककर्त्यास धोतराची माहिती नसावी. श्रमाचा आकडा तर चाळीस वर्षांच्या, सत्तर किलो वजनाच्या पुरुषास प्रमाण धरून काढलेला, म्हणून स्त्रियांना त्या हिशेबाची हवा गार लागते, असे दोन डच संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले. हे शोधण्यास संशोधक लागावेत, याचे चौथ्या मजल्यावरील भगिनींस मोठे नवल वाटले.

परंतु फँगरसाहेबांच्या ज्या एका निष्कर्षापुढे मी हात जोडले तो असा: सर्व घटक अगदी मनासारखे जुळले तरी शंभरांतील पाच माणसे असंतुष्ट राहणारच. समीकरणातच ती तरतूद आहे. छत्तीस वर्षांत आम्हांस पंचाण्णव असंतुष्ट सांभाळून पाच संतुष्ट करता आले असते तर साहेबांनी पाठ थोपटली असती. आणि येथे केवळ पाच असंतुष्ट उरले म्हणजे यंत्र यशस्वी. त्या पाचांपैकी चार खिडकीशी बसत, हे मी माझ्यापुरते नमूद करून ठेवले.

आषाढ लागला आणि नवेच संकट उभे राहिले. पौडहून निघताना माझ्या छत्रीचे दोनदा फूल व्हावे, अंगावरच्या कपड्यांना ओल यावी, आणि आत शिरताच तीच ओल बर्फासारखी व्हावी. पावसाळी हवेतील दमटपणा काढावयाचा तर ती बारा-तेरा अंशांपर्यंत गार करावी लागते, तेव्हा तिच्यातील पाणी गळून पडते. आणि इतकी गार हवा थेट माणसांवर सोडणे बरे नव्हे, म्हणून ती पुन्हा किंचित तापवून द्यावी, असे शास्त्र सांगते. पाहुण्यास आधी भिजवून मग टॉवेल देण्याचाच हा प्रकार. आमच्या इमारतीत पहिला विधी होई. दुसऱ्याची तरतूद काटकसरीत वगळलेली होती.

तरीही, चौथ्या मजल्याच्या मधल्या भागातील गारठा या कोणत्याच कारणाने पुरता उलगडत नव्हता. तो नित्याचा होता, पण अखंड नव्हता. सकाळी दहापर्यंत सारे आलबेल असे. अकराच्या सुमारास छतातून एकाएकी वारे सुटे, शाली निघत, बोटे कळफलकावर आखडत. साडेबारापर्यंत पुन्हा स्थिरस्थावर होई. आणि चारच्या ठोक्याला तीच स्वारी पुनश्च येई. "काका, तिथं रोज अकराला आन् चारला लोड येतो," असे म्हणून त्या तरुणाने मला पडद्यावरचा आलेख दाखविला. सह्याद्रीची दोन शिखरे असावीत तसा तो होता. "आपला सेन्सर सत्तावीस दाखवतो. मग सिस्टीम फुल्ल हवा सोडते. सिस्टीमचं काहीच चुकत नाही."

मी वर येऊन त्या डबीसमोर उभा राहिलो. महसुलातल्या मनुष्यास जागेवर जाऊन पाहण्याची खोड असते, निदान निवृत्तीनंतर तरी लागते. डबीच्या बरोबर खाली, हात-दीड हात अंतरावर, चहाचे यंत्र होते. बटण दाबावे, घुर्र आवाज व्हावा, कागदी पेल्यात पिवळसर धार पडावी, आणि तिच्या वाफेचा एक लोट सरळ वर उठून त्या पांढऱ्या डबीच्या नाकात जावा. अकरा वाजता तेथे पंचवीस-तीस माणसांची रांग. डबीच्या समजुतीप्रमाणे चौथ्या मजल्यावर वैशाख वणवा पेटे, ती वर कळवी, कोतवाल झडपा सताड उघडत, मजला गारठे, आणि गारठलेली मंडळी, ऊब यावी म्हणून, काय करीत? आणखी एक चहा घेत! त्या दुसऱ्या पेल्याची वाफ पुन्हा डबीस जाऊन मिळे. चहामुळे थंडी आणि थंडीमुळे चहा, असे हे चक्र चालू राही. साडेबारास हवा का निवळते याचा उलगडा मला तेथेच झाला: त्या वेळी दूध संपत असे.

मी रीतसर पंचनामा केला. पंच म्हणून गोधडीवाली मुलगी आणि खिडकीतील एक गृहस्थ घेतले, म्हणजे उभय पक्ष आले. डबीपासून यंत्राचे अंतर, वाफेची दिशा, दर पेल्यागणिक आलेखातील चढ, असा सर्व तपशील दोन पृष्ठांत बसविला, आणि अखेरीस, सदर सेन्सर सहा फूट पूर्वेस हलविल्यास तक्रारीचे निराकरण होईल, अशी नम्र शिफारस केली. सहा दिवसांनी उत्तर आले. सेन्सरची जागा मंजूर नकाशात दाखविलेली असून ती बदलण्यास नकाशा बदलावा लागेल, नकाशा बदलण्यास कंत्राटदाराचा अभियंता यावा लागेल, आणि त्याचे येणे वार्षिक देखभाल करारात समाविष्ट नाही. हा कागद वाचताना मला घरी परत आल्यासारखे वाटले.

"काका, मशीन हलवू ना," तो तरुण म्हणाला. "त्याला नकाशा नाही."

एका शनिवारी त्याने आणि कँटीनच्या पोराने यंत्र ढकलत नेले, आणि खांबांजवळ जेथे विजेचे रिकामे तोंड सापडले तेथे उभे केले. सोमवारी अकरा वाजता मधला भाग चोवीसवर शांत होता. गोधडी घडी होऊन टेबलाखाली गेली. खिडकीतील मंडळी नेहमीप्रमाणे घामाघूम होती; ती पाच टक्क्यांत मोडत असल्याने त्यांचा विचार केला नाही.

यंत्राची नवी जागा व्यवस्थापकांच्या मोठ्या बैठकदालनाच्या दाराबाहेरील भिंतीशी होती, आणि त्या दालनाचा सेन्सर, नकाशाबरहुकूम, त्याच भिंतीवर होता. अकराची साप्ताहिक बैठक पूर्वी दीड तास चाले. पहिल्या सोमवारी ती चाळीस मिनिटांत उरकली. दुसऱ्या सोमवारी पंचवीस मिनिटांत, आणि सर्व मंडळी हात बगलेत धरून बाहेर पडली. तिसऱ्या आठवड्यात, नुकत्याच झालेल्या वेळेच्या नियोजनावरील प्रशिक्षणाचे हे फलित असल्याबद्दल सर्वांचे अभिनंदन करणारे परिपत्रक निघाले, आणि चौथ्या आठवड्यात व्यवस्थापकांनी स्वतः, काही झाले तरी या दालनाच्या मांडणीत कोणी फेरफार करू नये, असा लेखी हुकूम दिला. त्याचे मराठी मीच केले.